कोरल उपाशी नाहीत, पाणी खारट झालंय

अमळनेरच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. घरी तीन फुटी समुद्री टाकी, सम्प (पाणी गाळण्याची जोडटाकी) धरून साधारण १८० लिटर पाणी. त्यात एक मोठं लेदर कोरल, झोआच्या दोन वसाहती, हिरवे मशरूम, झेनियाचा एक गुच्छ, ही सगळी मऊ कोरल म्हणजे मऊ प्रवाळं, आणि क्लाउनफिशची जोडी. हिवाळाभर सगळं छान फुललेलं होतं. एप्रिलपासून झोआ मिटून बसले, लेदरने हात आत घेतले ते बाहेर काढलेच नाहीत आणि झेनिया आठवड्याभरात वितळून गेलं. दुकानदार म्हणाला, "उपाशी आहेत, त्याले खावाले दे भो." म्हणून त्यांनी कोरलचं पावडर खाद्य, अमिनो अॅसिडची बाटली आणि हिरव्या फायटोप्लँक्टनची (सूक्ष्म तरंगत्या शैवालांची) बाटली आणून रोज टाकायला सुरुवात केली. आता वाळूवर लालसर शेवाळी साय धरली आहे. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत: नेमकं काय खायला द्यायचं, आणि हे सावरलं की अॅक्रोपोरासारखी कडक कोरल ठेवता येतील का?

सर, तुमच्या पत्रात खाद्याच्या तीन बाटल्या आहेत आणि तापमानाचा एकही आकडा नाही. दोन वाक्यं मात्र तुम्ही सहज लिहून गेलात आणि खरा आजार त्यातच आहे. "उन्हाळा म्हणून सम्पवर पंखा लावलाय. पाणी फार उडतं, ते मी तयार करून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने भरून काढतो, हायड्रोमीटर १.०२९ दाखवतो."

पंखा लावलात ते बरोबर. भरणा चुकला. टाकीतून उडतं ते फक्त पाणी, मीठ जागेवर राहतं. तीन फुटी टाकीवर पंखा लावला की एप्रिल-मेमध्ये दिवसाला तीन-चार लिटर सहज जातात. चार लिटर धरू. ते तुम्ही ३५ ग्रॅम प्रतिलिटरच्या पाण्याने भरलेत तर रोज १४० ग्रॅम मीठ जास्तीचं आत जातं. तीन दिवसांत ४२० ग्रॅम. १८० लिटरमध्ये याचा अर्थ क्षारता, म्हणजे लिटरमागे मिठाचे ग्रॅम, ३५ वरून ३७ च्या पुढे. पाणी बदलताना थोडं मीठ बाहेरही जात असेल, म्हणून हायड्रोमीटरवरचा तुमचा घनतेचा आकडा १.०२९ वर रेंगाळतोय, म्हणजे क्षारता ३८ ते ३९. समुद्राच्या पाण्याची क्षारता ३५ च्या आसपास आणि घनता १.०२६ असते. झेनिया या बदलाला सगळ्यात आधी बळी पडतं, झोआ मिटतात, लेदर वाट बघत बसतं. तुमच्या टाकीत हाच क्रम दिसला.

तेव्हा पहिलं काम म्हणजे खाद्याच्या तिन्ही बाटल्या कपाटात ठेवा. माशांना मात्र रोज एकदा चिमूटभर द्या. दुसरं काम क्षारता उतरवण्याचं, पण घाईने नको. रोज टाकीतलं चार लिटर पाणी काढा आणि तेवढंच गोडं आरओ पाणी सम्पमध्ये हळूहळू सोडा. एका दिवसात क्षारता एक एककापेक्षा थोडी कमीच उतरेल, चार-पाच दिवसांत ३५ वर याल. उडालेल्या पाण्याची रोजची भर वेगळी, तीही गोड्याच पाण्याची. एका दमात वीस लिटर गोडं पाणी ओतलंत तर जे वाचलंय तेही जाईल.

सुई फिरणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर बाजूला ठेवा. सुईला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी तो खोटं बोलतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून क्षारता दाखवणारी छोटी दुर्बीण) घ्या, आणि तो नुसत्या आरओ पाण्याने शून्यावर न लावता ३५ च्या तयार द्रावणाने लावून घ्या. पुढे ऑटो टॉप-ऑफ बसवा. सम्पमधली पातळी बोटभर उतरली की छोटा पंप गोडं पाणी आपोआप सोडतो. खान्देशात कोरल ठेवणाऱ्याने पहिला खर्च भारी लाइटवर न करता या यंत्रावर करावा, असं माझं ठाम मत आहे. मुंबईच्या दमट हवेत याच्यावाचून निभतं. इथल्या मे महिन्यात दोन दिवस लग्नाला गेलात तरी आठ लिटर उडालेलं असतं.

हे गोडं पाणी कुठून आणायचं, हेही बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवणारा स्क्रू असतो, तो कच्चं पाणी परत मिसळतो. बऱ्याच मशीनमध्ये मिनरलची नळकांडीही असते. ते पाणी पिण्याला उत्तम, टाकीला नाही. रोज चार लिटरमधून थोडाथोडा नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आत येतो आणि साचत राहतो, कारण तोही उडून जात नाही. आरओच्या पुढे डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचं, एक भांडं जोडा आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसेल तेच पाणी वापरा. जारवाल्याच्या पाण्याचा टीडीएस आज ४० आणि उद्या ११०, त्यावर भरवसा ठेवू नका. साठवायला अन्नाला चालणाऱ्या प्लास्टिकचा ड्रम घ्या. आपल्या घरांत तांब्याचा हंडा, पितळी घागर हाताशी असते, त्यात टाकीचं पाणी एक रात्रही ठेवू नका. तांबं अगदी सूक्ष्म प्रमाणातही कोरल, कोळंबी, गोगलगाय यांना विष आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषध कोरलच्या टाकीत टाकायचं नसतं ते याच कारणाने.

तांब्याचा विषय निघालाच आहे तर शेतीचंही सांगून टाकतो. कपाशीवर फवारणी करून आलेला, केळीवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारून आलेला माणूस हात धुऊनसुद्धा टाकीत हात घालायला योग्य नाही. आपल्या फवारणीतली बरीच कीटकनाशकं कोळंबी-खेकड्यांच्या वर्गाला फार थोड्या मात्रेत मारतात, आणि टाकीचा हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलत असतो. डासांचा फवाराही त्या खोलीत नको.

आता तापमान. लेदर, झोआ, मशरूम २४ ते २७ अंशांत सुखी असतात. २९ ला कुरकुरतात आणि ३१ च्या वर काही दिवस गेले की अंगातली शैवालं बाहेर टाकू लागतात, म्हणजे ब्लीच होतात. समुद्रातही हेच घडतं. १९९८ च्या उष्णतेच्या लाटेत लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली, पुढे २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा. तिथे नेहमीच्या सर्वांत गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा एक अंश वर गेलं की शास्त्रज्ञ इशारा देतात. आपल्या भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, त्यामुळे इथे उन्हाळ्यात कोरल जगणार नाहीत असं बरेच जण धरून चालतात. हा समज अर्धाच खरा आहे.

पंखा टाकी थंड करतो ती माठासारखी. एक लिटर पाणी उडताना जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. तुमची १८० लिटरची टाकी एक अंश थंड करायला १८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे बाहेरून उष्णता येत नसती तर एक लिटर उडाल्यावर टाकी तीन अंश उतरली असती. हवा जितकी कोरडी तितकं हे काम जोरात चालतं. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ च्या आसपास थांबतो. पाणी बाष्पीभवनाने तिथवर उतरू शकतं, ही त्याची खालची मर्यादा. पंप आणि दिव्यांची उष्णता धरली तरी २६-२७ ला टाकी धरता येते. आता ऑगस्ट घ्या. बाहेर फक्त ३१ अंश, माणसाला बरं वाटतं, पण आर्द्रता ८० टक्के. ओला थर्मामीटर २८ वर अडतो. पंखा कितीही फिरवा, पंप-दिव्यांची उष्णता मिळून टाकी तिशी गाठते. इथल्या टाक्या मेमध्ये मालक सावध असतो म्हणून वाचतात आणि पावसाळ्याच्या उकाड्यात, "आता काय, ऊन सरलं" म्हणून पंखाही काढून ठेवलेला असताना जातात. ऑक्टोबर हीटचंही तेच.

म्हणून मे-जूनपर्यंत पंखा पुरेल, पण जुलै ते ऑक्टोबरसाठी सोय आत्ताच करा. टाकी असलेल्या खोलीत एसी असेल तर तो २७ वर चालू ठेवणं हा सोपा उपाय. नाहीतर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्यावा लागेल. चिलर घेतलात तर तो टाकीच्या कपाटात कोंडू नका. तो पाण्यातली उष्णता बाहेरच्या हवेत ओततो, आणि कपाट बंद असेल तर तीच हवा पुन्हा टाकीला तापवते. शक्य असेल तर पाइप भिंतीतून नेऊन चिलर व्हरांड्यात ठेवा. घरात डेझर्ट कूलर चालत असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर हवा दमट करत जातो, मग ना कूलर थंड करतो ना टाकीचा पंखा.

आणखी एक युक्ती, जिला पैसा लागत नाही. टाकीचे दिवे सकाळी लावू नका. कोरलना अमळनेरचं घड्याळ माहीत नाही. दुपारी चारला दिवे लावून रात्री बाराला बंद करा. आठ तास पुरतात. दुपारच्या तापत्या तासांत दिव्यांची उष्णता तरी टळते. हिवाळ्यात उलटा प्रश्न येतो. आपल्याकडे, विशेषतः धुळ्याकडे, रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी तिशीला टेकतो. तेव्हा २०० वॉटचा हीटर थर्मोस्टॅटसह हवाच. कोरलला २५ ही चालतं आणि २७ ही चालतं, पण रोज २२ ते २८ असे हेलकावे चालत नाहीत.

वीज गेल्यावर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. तरी सांगतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. उन्हाळ्यात दुपारी तीन-चार तास पंप बंद राहिले तर आधी मासे वर येऊन हवा गिळू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप किमान हवा. त्याहून चांगलं म्हणजे डीसी वेव्हमेकर, टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा पंप, जो १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर परस्पर चालतो. सगळा बोर्ड आरसीसीबीवर (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर) घ्या आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक झोळ सोडा, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. हे उद्यावर टाकू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, खायला काय द्यायचं.

तुमच्याकडची सगळी कोरल अंगात सूक्ष्म शैवालं बाळगतात. ही शैवालं प्रकाशावर साखर बनवतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. उथळ, स्वच्छ, लख्ख उजेडाच्या पाण्यातल्या प्रवाळांची ऊर्जेची गरज ९० टक्क्यांपर्यंत अशी भागते. पण साखर म्हणजे फक्त इंधन. अंग वाढवायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. तो कुठून येतो? बराचसा तुमच्या क्लाउनफिशकडून. मासे खातात, त्यांच्या कल्ल्यांमधून अमोनिया पाण्यात येतो, तो कोरल आणि त्यांची शैवालं थेट शोषतात. रोज माशांना दिलेलं खाद्य हे तुमच्या कोरलचं पहिलं खाद्य आहे. हे कळलं की निम्म्या बाटल्यांचा धंदा बसतो. दुकानदार हे सांगणार नाही. त्याचंही पोट आहे, त्याला बोल लावत नाही.

म्हणूनच पाणी अगदी निर्जीव स्वच्छ करण्याचा नादही चुकीचा आहे. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य आलं की काही जण पेढे वाटतात. कोरल मात्र फिकट पडतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर येतो, जो काढणं महाकठीण. मऊ कोरलच्या टाकीत नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. तुमच्याकडे आत्ता हे दोन्ही आकडे याच्या वर असणार, वाळूवरची लाल साय तेच सांगतेय. ती साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया, प्रकाशावर वाढणारे जिवाणू. जादा खाद्य आणि थांबलेलं पाणी हे तिचं घर. वेव्हमेकरचं तोंड थोडं खाली वळवा, दर आठवड्याला पाणी बदलताना पातळ नळीने ती साय शोषून घ्या आणि धीर धरा. औषधाच्या पुडीला हात लावू नका.

प्रत्येक कोरलची भूक वेगळी असते. तुमचं लेदर म्हणजे सार्कोफायटन डोळ्यांना दिसणारा घास जवळजवळ घेतच नाही. त्याच्यावर कोळंबीचा तुकडा ठेवला तर तो तिथेच सडतो. उजेड, वाहतं पाणी, विरघळलेले पोषक घटक आणि पाण्यातले बारीक कण, एवढ्यावर ते जगतं. अधूनमधून ते आठ-पंधरा दिवस मिटतं, अंगावर मेणचट चकाकी येते आणि मग ती कात गळून पडते. हा आजार नाही, अंग स्वच्छ करण्याची त्याची रीत आहे. तेव्हा त्याच्यावर पाण्याचा झोत थोडा वाढवा, बाकी काही करू नका. तुमचं लेदर मात्र एप्रिलपासून मिटलंय, म्हणून हे कात टाकणं नव्हे.

झेनियाचंही पोट असंच, विरघळलेल्या पोषकांवर. घन खाद्य देऊ नका. क्षारता जागेवर आली की पुन्हा आणता येईल, आणि मग ते इतकं पसरतं की उपटून टाकायची वेळ येते.

मशरूम मात्र खातात. त्यातला ऱ्होडॅक्टिस तर तोंड मिटून तुकडा आत ओढतो. आठवड्यातून एकदा मसुराच्या डाळीएवढा मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवाचा) किंवा कोळंबीचा कण पुरे. फार मोठा घास दिला तर दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा बाहेर टाकतो आणि पाणी खराब करतो. शेजारी छोटा मासा सुस्तावलेला असेल तर मोठे ऱ्होडॅक्टिस त्यालाही कवेत घेतात, हे लक्षात असू द्या.

झोआमध्ये दोन तऱ्हा. बारीक तोंडाचे बरेचसे झोआ खाद्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मोठ्या, तपकिरी-हिरव्या, वाळू अंगात धरणाऱ्या पॅलिथोआ मात्र आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) पटकन पकडतात. याच पॅलिथोआबद्दल एक गंभीर गोष्ट. त्यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि ते निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. त्यांना कापताना, खडकावरून खरवडताना हातमोजे आणि चष्मा घाला. हाताला कापलेलं असेल तर टाकीत हात घालू नका. आणि नको झालेल्या झोआचा खडक उकळत्या पाण्यात टाकून साफ करण्याची कल्पना तर मनातही आणू नका. वाफेतून विष श्वासात जाऊन अख्खं घर दवाखान्यात पोचल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. घरात लहान मुलं आहेत का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असतील तर टाकीवर झाकण हवं. त्याला जाळी लावा, काच नको, नाहीतर बाष्पीभवन थांबेल.

आता खाद्यांमध्ये माझी पसंती एकाला, ताज्या फुटलेल्या आर्टेमियाला. दीड-दोन लिटरची प्लास्टिकची बाटली उलटी टांगा, लिटरला २५ ग्रॅम मीठ, चहाचा चपटा अर्धा चमचा अंडी, खालून हवेची नळी, वर साधा दिवा. आपल्या उन्हाळ्यात चोवीस तासांच्या आतच पिल्लं फुटतात. थंडीत दीड दिवस लागतो. हवा बंद करा, दहा मिनिटांत रिकामी टरफलं वर तरंगतात, पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. ती पातळ नळीने काढून बारीक कापडात गाळा आणि गोड्या पाण्याने खळबळून घ्या. टरफलं आणि उबवलेलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. पिल्लांच्या पोटात फुटतानाची पिवळी शिदोरी असते, तोवरच त्यांच्यात सत्त्व. गरम हवेत ती काही तासांतच संपते, म्हणून सकाळी फुटली तर सकाळीच द्या. उरलेली फ्रिजमध्ये ठेवली तर सत्त्व थोडं जास्त वेळ टिकतं.

देण्याची पद्धत. वेव्हमेकर आणि रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी टाकीत परत चढवणारा) वीस मिनिटं बंद. आधी खाद्याचं पाणी चार थेंब टाका. वास लागला की पाच-सात मिनिटांत मशरूम आणि पॅलिथोआ तोंडं उघडतात. मग लांब पिपेटने तोंडापासून बोटभर अंतरावर हळूच सोडा, अंगावर पिचकारी मारू नका. मासे आडवे येतात म्हणून त्यांना आधीच खाऊ घाला. वीस मिनिटांनी पंप चालू, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) मात्र तासाभराने. सम्पमध्ये पाणी वरून उतरून भरतं, तेवढी जागा आधी राखलेली असू द्या, नाहीतर फरशीवर समुद्र. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. तुमचे दिवे आता चारला लागतील, तेव्हा सकाळी शाळेला निघण्याआधी, टाकीचे दिवे बंद असताना हे उरका. बरीच प्रवाळं मुळात अंधारात शिकार करणारे जीव आहेत. समुद्रात प्राणीप्लवंग रात्री वर येतो, म्हणून त्यांचे स्पर्शतंतूही तेव्हाच बाहेर पडतात.

फायटोप्लँक्टनची बाटली वाया घालवू नका, पण ती कोपेपॉड (ठिपक्याएवढे कवचवाले जीव) आणि नळकिड्यांचं अन्न आहे असं समजा. आठवड्यातून एकदा थोडी पुरे, आणि टाकी सावरल्यानंतर. अमिनो अॅसिडबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तुमच्याएवढ्या टाकीत माशांचं खाद्य ते काम करतं. पावडर देणारच असाल तर चमच्याच्या टोकावर मावेल एवढी, टाकीच्या पाण्यात कालवून. पाणी दुधाळ दिसलं तर जास्त झाली.

आणि आठवडी बाजारातली सुकट, जवळा, बोंबील टाकीत नको. स्वस्त पडतं म्हणून बरेच जण हा प्रयोग करतात. त्यात वाळू असते, मीठ असतं, तेलकट तवंग धरतो आणि फॉस्फेट भसकन वर जातो. गोठवलेला मायसिस वितळवून, गाळून, त्याचं पाणी फेकून द्या आणि नुसता गाळ वापरा.

अॅक्रोपोराचं उत्तर सरळ नाही असं आहे. त्याचं कारण तुमची टाकी नाही, कायदा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली २००१ मध्ये सगळी कडक, खडक बांधणारी प्रवाळं अनुसूची १ मध्ये घातली गेली. त्यांच्याबरोबर काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखेही. ही तीच अनुसूची आहे जिच्यात वाघ आहे. कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप, अंदमान, आपल्या मालवणचा किनारा, कुठूनही तोडलेला तुकडा घरात ठेवणं गुन्हा आहे. शोकेसमधलं वाळलेलं पांढरं पोवळंसुद्धा. "लाइव्ह रॉक" म्हणून विकला जाणारा खडकही बऱ्याचदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्याऐवजी सिरॅमिकचा खडक घ्या, त्यावर जिवाणू तेवढेच छान बसतात. लेदर, झोआ आणि मशरूम त्या गटांत मोडत नाहीत. तरी ती घेताना पक्कं बिल आणि आयातीचे कागद मागा. कागद नाहीत म्हणाला तर दुसरं दुकान.

तुम्ही मंगळग्रह मंदिराच्या गावचे, तेव्हा अंगठीतलं लाल पोवळं तुमच्या गावात कोणाला नवं नाही. त्याचं मुख्य घर भूमध्य समुद्र. अंधाऱ्या कपारींत राहणाऱ्या त्या प्रवाळाच्या अंगात शैवालं नसतात. पाण्यातून वाहत येणाऱ्या कणांवरच ते जगतं. तुमच्या दुकानदाराचा "उपाशी आहेत" हा निदानाचा सूर अशा कोरलना लागू पडला असता. कोणी तुम्हाला शैवालं नसलेलं, झगमगत्या लाल-जांभळ्या रंगाचं मऊ कोरल दाखवलं, डेंड्रोनेफ्थिया वगैरे, तर ते मोहात पाडतं खरं, पण घेऊ नका. त्याला दिवसभर सतत बारीक खाद्य लागतं, आणि एवढं खाद्य पेलणारं पाणी तीन फुटी टाकीत होत नाही. ते दोन-तीन महिन्यांत झिजून मरतं.

नवीन कोरल आता घेऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबईहून थर्मोकोलच्या पेटीत, रात्रीच्या गाडीने आणा. तोपर्यंत एक वही करा आणि रोज सकाळी सात, दुपारी चार आणि रात्री अकराला पाण्याचं तापमान, सकाळी एकदा क्षारता आणि ड्रममधून किती लिटर गोडं पाणी गेलं, एवढंच लिहा. आठवड्यातून एकदा नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद, जी डीकेएच या एककात मोजतात. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएचला राहिली तर कॅल्शियमच्या बाटल्यांचीही गरज नाही, पाणी बदलताना नव्या मिठातून येतं तेवढं पुरतं. क्षारता ३५ ला स्थिर झाल्यावर झोआ आठवड्याभरात उघडू लागायला हवेत, लेदरला त्याहून जास्त वेळ लागेल. पंधरा दिवसांनीही झोआ मिटलेलेच असतील तर रात्री टॉर्च घेऊन त्यांच्या देठांवर बारीक ठिपक्यांच्या नागड्या गोगलगाई आणि त्यांच्या अंड्यांच्या पांढऱ्या वळ्या दिसतात का ते पाहा, आणि वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा.